मोठी स्कूटर घेताय? आधी तिसऱ्या वर्षाचा हिशेब करा

पूर्वी आपल्या घरात स्कूटर यायची ती बाजारहाटासाठी, अब्बांना दुकानावर जाण्यासाठी आणि मुलांना शाळेत सोडण्यासाठी. आता घरातली तरुण मुले वेगळी मागणी करतात. अशी स्कूटर घेऊ या, जी शहरात चालेल आणि ईदच्या सुट्टीत गावालाही नेईल. गिअर टाकण्याची कटकट नको, सीट रुंद हवी, मागे बसणाऱ्या अम्मीचे गुडघे दुखायला नकोत, डिक्कीत दोन दिवसांचे कपडे मावायला हवेत. त्यात आखाती देशात नाही तर युरोपात कामाला असलेला एखादा चुलतभाऊ अडीच माणसांच्या रुंदीच्या स्कूटरचा फोटो पाठवतो आणि घरात विषय पेटतो.

ही मागणी गैर आहे असे आम्हाला वाटत नाही. ज्या घरात गिअरची मोटारसायकल फक्त मुलगा चालवतो, तिथे स्कूटर बहीण, बायको आणि वडील असे तिघेही चालवतात. पण छोटी स्कूटर सांभाळणे आणि मोठी स्कूटर सांभाळणे यांत बराच फरक आहे. शो-रूममध्ये दिसते ती फक्त विकत घेण्याची किंमत. ठेवण्याची किंमत पुढे कळते, आणि ती बहुधा तिसऱ्या वर्षी कळते. म्हणून पैसे मोजण्याआधी काय पाहावे आणि घेतल्यावर काय जपावे, हे या लेखात सांगत आहोत.

मोठी म्हणजे किती मोठी?

परदेशात ज्याला मोठी प्रवासी स्कूटर म्हणतात ती आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसते. सुझुकीने बर्गमन या नावाने १९९८ मध्ये २५० आणि ४०० सीसीच्या स्कूटर आणल्या. २००१ मध्ये यामाहाची टीमॅक्स आणि होंडाची ५८२ सीसीची सिल्व्हर विंग आली. पाठोपाठ २००२ मध्ये बर्गमन ६५० आली. तिचे इंजिन ६३८ सीसीचे, सिलिंडर दोन आणि वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास. टीमॅक्स किंवा बर्गमन ६५० आपल्याकडे अधिकृतपणे कधी विकल्या गेल्या नाहीत. आपल्याकडे बर्गमन स्ट्रीट या नावाने २०१८ पासून मिळते ती १२५ सीसीची. अंग मोठ्या बहिणीसारखे असले, तरी इंजिन घरगुती स्कूटरचेच.

भारतात अधिकृतपणे मिळालेल्या खऱ्या मोठ्या स्कूटर मोजक्याच. बीएमडब्ल्यूची ३५० सीसीची सी ४०० जीटी २०२१ मध्ये ९ लाख ९५ हजार रुपयांना आली. होंडाची ७४५ सीसीची एक्स-एडीव्ही २०२५ मध्ये ११ लाख ९० हजारांना आली. या शो-रूमच्या किमती, रस्त्यावर आणण्याचा खर्च वेगळा. एवढ्या पैशांत चारचाकी येते, त्यामुळे बहुतेक घरांचा प्रश्न इथेच मिटतो.

आपल्या खिशाला झेपणारी 'मोठी' स्कूटर म्हणजे १५० ते १६० सीसीची. यामाहाची एरॉक्स १५५ सप्टेंबर २०२१ मध्ये आली. तिला पाण्याने थंड होणारे इंजिन आणि १४ इंची चाके आहेत. एप्रिलियाची एसएक्सआर १६० आपल्या बारामतीच्या कारखान्यात तयार झाली. २०२५ मध्ये हिरोची झूम १६० आली. नव्या घेणाऱ्यांची आणि जुन्या बाजारात शोधणाऱ्यांचीही नजर याच गाड्यांवर असते. पुढचे सगळे मुख्यतः याच वर्गासाठी आहे.

घरात आधी या गोष्टी तपासा

पहिली गोष्ट गल्ली. मोठी स्कूटर लांब आणि जड असते. एरॉक्स १२६ किलोची आहे, सी ४०० जीटी २१४ किलोची. जिन्याखाली, ओट्याच्या पायरीवर किंवा अरुंद बोळात ती मागे ओढून फिरवायची कोणी? घरातल्या ज्या ज्या माणसाने ती चालवायची आहे, त्या प्रत्येकाने शो-रूममध्ये इंजिन बंद ठेवून गाडी स्टँडवरून उतरवून, मागे ढकलून पाहावी. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का तेही पाहावे. मुलाला जमले म्हणून बहिणीला जमेलच असे नाही.

दुसरी गोष्ट पाय ठेवायची जागा. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना पायांमध्ये उंचवटा असतो, सपाट फळी नसते. त्यामुळे दळणाचा डबा, गॅसचा सिलिंडर किंवा तांदळाचे पोते पायाशी ठेवून आणणे विसरा. ज्या घराचे निम्मे काम हेच असते, तिथे ही गाडी आल्यावर जुनी स्कूटर विकून चालत नाही.

तिसरी गोष्ट रस्ता. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे मोठे इंजिन घेतले तरी तुम्ही जाणार खंडाळ्याच्या जुन्या घाटातूनच. तिथे मोठ्या इंजिनाचा फायदा जास्त वेगात नाही. दोन माणसे आणि सामान घेऊन चढ सहज चढण्यात आहे, आणि ट्रकला मागे टाकताना हाताशी थोडी ताकद शिल्लक असण्यात आहे.

पैशांचा हिशेब

विम्यापासून सुरुवात करू. तिसऱ्या पक्षाच्या सक्तीच्या विम्याचे दर इंजिनावर ठरतात. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीसाठी वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीसाठी १३६६ आणि त्यापुढे २८०४. म्हणजे १२५ वरून १५५ वर गेलात की हा खर्च जवळपास दुप्पट. नवी दुचाकी घेताना हा विमा पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. जीएसटीतही रेष आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के कर आहे आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के.

पण खरा हिशेब पुढचा. समजा तुम्ही वर्षाला आठ हजार किलोमीटर गाडी चालवता. पहिली दोन वर्षे गाडी ऑइल आणि पेट्रोलखेरीज फारसे काही मागत नाही. फुकटच्या सर्व्हिसिंगमुळे घरात सगळे खूश असतात. तिसऱ्या वर्षी चोवीस हजार किलोमीटर होतात आणि बेल्ट, रोलर, मागचा टायर, ब्रेकचे पॅड, कूलंट, ब्रेक ऑइल आणि कधीकधी बॅटरीही थोड्या थोड्या अंतराने दारात उभी राहतात. छोट्या स्कूटरचे हे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. मोठीचे मागवावे लागतात, आणि ते महाग असतात.

म्हणून आम्ही सुचवतो की गाडी ठरवण्याआधी एक कागद घ्या आणि सर्व्हिस सेंटरच्या सुट्या भागांच्या काउंटरवर जा. विक्री करणाऱ्याला विचारू नका, काउंटरवर विचारा. सहा किमती लिहून घ्या: बेल्ट, रोलरचा संच, क्लच, मागचा टायर, ब्रेक पॅड आणि पुढचे प्लॅस्टिक हेडलाइटसह. प्रत्येक भाग आज शिल्लक आहे की मागवावा लागतो, किती दिवस लागतात, हेही लिहा. सहा किमतींची बेरीज करा आणि तिला ३६ ने भागा. येणारी रक्कम दर महिन्याला बाजूला ठेवणे तुमच्या घरखर्चाला झेपत असेल, तर गाडी तुमची आहे. झेपत नसेल तर १२५ सीसी घ्या आणि लांबच्या प्रवासाला एसटी आणि रेल्वे आहेतच.

आपल्यातल्या अनेक घरांत व्याजाचे कर्ज टाळतात. त्यांनी 'शून्य टक्के व्याज' अशा पाट्यांकडेही नीट पाहावे. प्रक्रिया शुल्क किती, रोख घेतल्यास मिळणारी सूट हप्त्यात का मिळत नाही, हप्ता चुकला तर काय आकारले जाते, हे लेखी मागावे. भावाकडून किंवा मामूंकडून उसने पैसे घेत असाल, तर रक्कम आणि परतीची तारीख लिहून ठेवा, साक्षीदार घ्या. ही शिकवण आपल्याला नवी नाही. स्कूटरवरून नाती तुटू नयेत, म्हणून ती पाळलेली बरी.

जुनी घेताना

रोखीने घेणारी बरीच घरे जुन्या गाडीकडे वळतात. त्यात वावगे काही नाही, पण मोठ्या स्कूटरच्या बाबतीत एक धडा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. पुण्याच्या कायनेटिकने होंडाबरोबर १९८४ मध्ये कंपनी काढली आणि बिनगिअरची, बटनावर सुरू होणारी स्कूटर आपल्या रस्त्यांवर रुजवली. त्याच कायनेटिकने २००६ मध्ये १६५ सीसीची ब्लेझ आणली. काळाच्या पुढची, दणकट गाडी. पण २००८ मध्ये कंपनीचा दुचाकीचा व्यवसाय महिंद्राकडे गेला आणि ब्लेझ थांबली. ज्यांनी ती हौसेने घेतली होती, त्यांना पुढे सुट्या भागांसाठी जुन्या बाजारात फिरावे लागले. तेव्हा स्वस्तात मिळते म्हणून उत्पादन थांबलेले मॉडेल घेताना आधी वरच्या सहा किमतींचा कागद भरता येतो का ते पाहा. भरता आला नाही, तर सौदा सोडून द्या.

जुनी गाडी पाहायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दोष लपवते. बटन दाबल्यावर लगेच सुरू होते का, निघताना गाडी थरथरते का, ॲक्सिलरेटर दिल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही असे होते का, हे पाहा. मेन स्टँडवर लावून मागचे चाक दोन्ही बाजूंनी हलवा. खेळत असेल तर बेअरिंग गेले आहे. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ नको. बेल्ट केव्हा बदलला याचे बिल मागा. बिल नसेल, तर बदललेला नाही असे धरून बेल्टची किंमत सौद्यातून वजा करा.

जुलै २०२१ च्या पुरात महाड आणि चिपळूणमध्ये असंख्य दुचाकी पाण्याखाली गेल्या होत्या. पुरातली गाडी धुऊन पुसून नवीसारखी दिसते. डिक्कीचा डबा काढून खाली पाहा. कोपऱ्यात वाळलेला गाळ, वायरच्या जोडांवर हिरवट थर, आतल्या नटांवर गंज दिसला तर समजून घ्या.

कागदपत्रांत नमुना २९ आणि ३० वर मालकी बदलते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हवा. दंडाच्या थकलेल्या पावत्या सरकारी ॲपवर गाडीच्या नंबरवरून दिसतात. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. ओळखीचा माणूस आहे म्हणून यातले काहीही सोडू नका.

बेल्ट: मोठ्या स्कूटरचा जीव

बिनगिअरच्या स्कूटरमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत रबरी बेल्ट नेतो. पुढे एक पुली, मागे एक पुली. पुढच्या पुलीत छोटे गोल रोलर असतात. वेग वाढला की ते बाहेर सरकतात, पुलीच्या ताटल्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. म्हणजे गिअर आपोआप बदलल्यासारखे होते. मागच्या पुलीवर क्लच असतो, तो वेग आल्यावर स्वतःहून पकडतो. ७४५ सीसीच्या एक्स-एडीव्हीसारखा अपवाद सोडला, तर सगळी कथा या बेल्टभोवती फिरते.

बेल्ट साधारण २० ते २४ हजार किलोमीटरला बदलतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच खरा. दोन माणसे, सामान आणि घाट हे रोजचेच असेल तर आकड्याची वाट पाहू नका, प्रत्येक मोठ्या सर्व्हिसिंगला झाकण उघडून बेल्टची रुंदी मोजायला सांगा. रोलरही त्याच वेळी पाहा. ते एका बाजूने चपटे झाले की खडखड आवाज येतो आणि गाडी ओढत नाही.

हा भाग का जपायचा ते एका उदाहरणाने कळेल. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाने जुनी मोठी स्कूटर घेतली. पोलादपूर सोडून कशेडीच्या चढाला लागल्यावर बेल्ट तुटला. सोबत बायको आणि सामान, असरची वेळ झालेली. जवळच्या मेकॅनिककडे तो बेल्ट नव्हता आणि पुलीचे नट सोडवायचे हत्यारही नव्हते. गाडी टेम्पोत घालून महाडला न्यावी लागली. टेम्पोचे भाडे बेल्टच्या किमतीपेक्षा जास्त झाले. लांब जाणाऱ्याने बेल्ट वेळेवर बदलावा आणि काढलेला जुना बेल्ट, धड असेल तर, डिक्कीत अडचणीसाठी ठेवावा.

बेल्टच्या खोलीला हवा देणारा वेगळा फिल्टर बऱ्याच गाड्यांना असतो. इंजिनाचा फिल्टर सगळे बदलतात, हा विसरतात. तसेच मागच्या चाकाजवळ थोडेसे गिअर ऑइल असते. ते स्वस्त असते, पण बिलात ते दिसले नाही तर बदललेले नसते. बिल वाचूनच पैसे द्या.

कूलंट, टायर, ब्रेक, बॅटरी

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात नळाचे किंवा विहिरीचे पाणी घालू नका. आत क्षार बसतात. पुस्तिकेत सांगितलेले कूलंटच घाला आणि इंजिन गरम असताना झाकण उघडू नका.

१४ इंची टायर प्रत्येक गावात मिळत नाही. त्यामुळे पार गुळगुळीत होईपर्यंत थांबू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. नवा टायर म्हणून जुना साठा माथी मारला जात नाही ना, हे यावरून कळते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा, आणि मागे माणूस बसणार असेल तर गाडीवरच्या पट्टीत त्यासाठी दिलेला आकडा वापरा.

१२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. जुनी घेताना त्याचा दिवा सुरुवातीला लागून मग विझतो की नाही ते पाहा. घाट उतरताना स्कूटरची एक अडचण असते. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी अगदी हळू झाली की क्लच सुटतो आणि गाडी उतारावर मोकळी धावू लागते. उतार सुरू होताना हलकासा ॲक्सिलरेटर देऊन क्लच पकडू द्या, मग दोन्ही ब्रेक थांबून थांबून वापरा. एकच ब्रेक दाबून धरला तर तो तापतो.

आणि बॅटरी. मोठ्या स्कूटरला बहुधा किक नसते. ढकलूनही ती सुरू होत नाही, कारण इंजिन बंद असताना क्लच चाकाशी जोडलेलाच नसतो. रमजानमध्ये किंवा लग्नाच्या गडबडीत गाडी महिनाभर उभी राहिली की बॅटरी उतरते. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे चालवा. प्रवासाला निघण्याआधी, विशेषतः बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर, तपासून घ्या.

पावसाळ्यात सायलेन्सर बुडेल एवढ्या पाण्यात गाडी घालू नका. घातलीच आणि बंद पडली, तर पुन्हा बटन दाबू नका. पाणी बेल्टच्या खोलीत शिरले की बेल्ट घसरतो, इंजिनात शिरले की खर्च फार वर जातो.

मागे बसणारी माणसे

गाडी घरासाठी आहे, तर मागच्या सीटचा विचार आधी व्हायला हवा. बुरखा, ओढणी, साडी चाकात किंवा साखळीत अडकून होणारे अपघात आपण ऐकत आलो आहोत. मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी पकडायचा दांडा, पाय ठेवायची सोय आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी हवी. जाळी शोभेला मारक म्हणून काढून टाकू नका. बुरख्याचा घेर दोन्ही बाजूंनी मांडीखाली दाबून बसावे, ओढणी आत खोचावी. एका बाजूला पाय सोडून बसण्यापेक्षा दोन्हीकडे पाय टाकून बसणे जास्त स्थिर. सैल पायजमा आत घातला की तेही सोयीचे होते.

हेल्मेट हिजाबवर घालायचे असेल तर माप हिजाब बांधूनच घ्या. आत पातळ सुती टोपी वापरा आणि डोक्याच्या बाजूला किंवा मागे पिना लावू नका. आपटले तर पिनच लागते. हेल्मेटवर आयएसआयची खूण हवी.

कायद्याने चालकामागे एकच माणूस बसू शकतो. चार वर्षांखालच्या मुलाला नेताना फेब्रुवारी २०२३ पासून मुलाचे हेल्मेट, चालकाला बांधणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा सक्तीची आहे. सीट लांब आहे म्हणून चौघे बसले तर मोठे इंजिन त्यांना वाचवत नाही. जड गाडी उलट थांबायला जास्त जागा घेते.

शेवटी

मोठी स्कूटर घेणे म्हणजे उधळपट्टी नव्हे. आजारी आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेणे, बहिणीला परीक्षेच्या केंद्रावर वेळेत पोहोचवणे, वर्षातून दोनदा गावाला जाणे, या कामांसाठी ती फार उपयोगी आहे. पण दारात नादुरुस्त उभी असलेली महागडी गाडी यातले एकही काम करत नाही, आणि तिच्यात अडकलेले पैसे घराच्या दुसऱ्या गरजेला परत मिळत नाहीत. म्हणून या रविवारी शो-रूमला जाण्याआधी सुट्या भागांच्या काउंटरवर जा. सहा किमती लिहून आणा, जेवणानंतर घरातल्या सगळ्यांसमोर तो कागद ठेवा आणि जी गाडी चालवणार आहे त्या बहिणीला आणि जी मागे बसणार आहे त्या आईलाही विचारा. त्यांचा होकार मिळाला आणि हिशेब जुळला, तर बिस्मिल्लाह करून किल्ली घ्या.